लष्करी इतिहासातील स्मृतिदिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या फलकावर दिनविशेष लिहिणारे शिक्षक, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, माजी सैनिकांच्या संघटना आणि गावातील हुतात्मा स्मारकाची देखभाल करणारे कार्यकर्ते यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरे देताना एकच पथ्य पाळले आहे: तारखेसोबत त्या दिवशी नेमके काय घडले, म्हणजे लढाई सुरू झाली, संपली, शरणागतीवर सही झाली की केवळ घोषणा झाली, हे स्पष्ट सांगितले आहे. स्मृतिदिनांबाबतचे बहुतेक गोंधळ हा भेद न केल्यामुळे होतात.

१. भारतातील मुख्य लष्करी दिन कोणते आणि ते कधी असतात?

वर्षाच्या क्रमाने पाहिले तर १४ जानेवारीला माजी सैनिक दिन, १५ जानेवारीला लष्कर दिन, २६ जुलैला कारगिल विजय दिवस, ८ ऑक्टोबरला हवाई दल दिन, २७ ऑक्टोबरला पायदळ दिन, ४ डिसेंबरला नौदल दिन, ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन आणि १६ डिसेंबरला विजय दिवस असतो. हवाई दल दिन हा ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झालेल्या दलाच्या स्थापनेचा दिवस आहे. पायदळ दिन २७ ऑक्टोबर १९४७ या दिवसाची आठवण ठेवतो. जम्मू-काश्मीरच्या विलीनीकरणानंतर दुसऱ्याच दिवशी पहिल्या शीख बटालियनचे जवान डाकोटा विमानांतून श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरले, आणि त्यांचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले. याखेरीज प्रत्येक रेजिमेंटचे आणि पलटणीचे स्वतःचे दिवस असतात, ते वेगळे.

२. लष्कर दिन म्हणजे भारतीय लष्कराच्या स्थापनेचा दिवस का?

नाही. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल के. एम. करिअप्पा यांनी जनरल फ्रान्सिस रॉय बुचर यांच्याकडून सरसेनापतिपदाची सूत्रे स्वीकारली आणि भारतीय लष्कराचे नेतृत्व प्रथमच भारतीय अधिकाऱ्याकडे आले. त्या घटनेचा हा दिवस आहे. लष्करातील अनेक पलटणी याहून कितीतरी जुन्या आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास १७६८ पर्यंत मागे जातो. म्हणून ‘लष्कराचा स्थापना दिवस’ असे फलकावर लिहू नये. या दिवसाचे मुख्य संचलन पूर्वी दिल्लीत होत असे. २०२३ पासून ते वेगवेगळ्या शहरांत होऊ लागले, आणि २०२५ मध्ये तो मान पुण्याला, खडकी येथील बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्राला मिळाला. माजी सैनिक दिनाचा संबंधही करिअप्पांशीच आहे: ते १४ जानेवारी १९५३ रोजी सेवानिवृत्त झाले.

३. नौदल दिनासाठी ४ डिसेंबर हीच तारीख का निवडली?

१९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री भारतीय नौदलाने कराची बंदरावर ‘ऑपरेशन ट्रायडंट’ हा हल्ला केला. निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका त्यात होत्या. या नौका मुळात किनाऱ्याच्या संरक्षणासाठी बांधलेल्या होत्या. वेग जबरदस्त, पण इंधनाचा पल्ला तोकडा. त्यांना शत्रूच्या बंदरापर्यंत नेऊन आक्रमणासाठी वापरण्याची कल्पनाच धाडसी होती, आणि म्हणून किलतान व कच्छल या मोठ्या नौका त्यांच्या सोबतीला देण्यात आल्या. त्या रात्री पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडाली, तर भारताची एकही नौका गमावली गेली नाही. चार दिवसांनी ‘ऑपरेशन पायथन’मध्ये विनाश या नौकेने कराचीवर पुन्हा मारा केला आणि केमारी येथील तेलाच्या टाक्या पेटल्या.

त्यापूर्वीही नौदल दिन साजरा होत असे, पण वेगळ्या तारखांना. २१ ऑक्टोबर १९४४ रोजी तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीने तो पहिल्यांदा साजरा केला होता. कराचीवरील हल्ल्यानंतर ४ डिसेंबर ही तारीख कायम झाली. २०२३ मध्ये मुख्य कार्यक्रम सिंधुदुर्गात झाला. ज्या किनाऱ्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराचे सामर्थ्य उभे केले, तेथे हा दिवस साजरा होणे अत्यंत उचित होते.

या दिवसाच्या कार्यक्रमात ९ डिसेंबर १९७१ चा उल्लेखही आवर्जून करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले, आणि नौका सोडण्याची संधी असताना कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या नौकेवरच राहिले. ट्रायडंटचे यश आणि खुकरीचे बलिदान यांच्यात केवळ पाच दिवसांचे अंतर आहे.

४. १६ डिसेंबर १९७१ रोजी युद्ध पूर्णपणे संपले होते का?

पूर्व आघाडीवर संपले होते, पश्चिम आघाडीवर नाही. १६ डिसेंबरला दुपारनंतर ढाक्याच्या रमणा रेसकोर्स मैदानावर एका साध्या टेबलाशी बसून लेफ्टनंट जनरल ए. ए. के. नियाझी यांनी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यासमोर शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली आणि आपले पिस्तूल त्यांच्या स्वाधीन केले. सुमारे ९३,००० जण युद्धकैदी झाले. पश्चिमेकडील शस्त्रसंधी मात्र दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला रात्री लागू झाली. म्हणून ‘१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती’ असे लिहिणे बिनचूक ठरते. बांगलादेशातही हाच विजयाचा दिवस आहे. त्या देशाचा स्वातंत्र्यदिन मात्र २६ मार्च आहे.

५. कारगिल विजय दिवस २६ जुलैलाच का? पंतप्रधानांनी त्याआधीच यश जाहीर केले होते ना?

होय, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी १४ जुलै १९९९ रोजी मोहीम यशस्वी झाल्याचे सांगितले होते. परंतु त्यानंतरही काही ठिकाणी घुसखोरांना हुसकावण्याचे काम सुरू होते, आणि ते पूर्ण झाल्याची घोषणा २६ जुलैला झाली. तीच तारीख स्मृतिदिनासाठी घेतली गेली. त्या दिवशी एखादे विशिष्ट शिखर जिंकले, असा समज अनेकांचा असतो. तो बरोबर नाही. तोलोलिंग १३ जूनला आणि टायगर हिल ४ जुलैला हाती आले. या युद्धात ५२७ जवानांनी प्राण दिले.

६. ‘ऑपरेशन विजय’ हे गोव्याचे की कारगिलचे?

दोन्हींचे. डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीच्या कारवाईला हे नाव होते, आणि १९९९ मधील कारगिलच्या मोहिमेलाही तेच दिले गेले. प्रश्नमंजूषेत या नावासोबत वर्ष द्यायलाच हवे. गोवा मुक्तिदिन १९ डिसेंबरला असतो. विजय दिवसानंतर तीनच दिवसांनी येत असल्याने आणि नावात ‘विजय’ असल्याने या दोन दिवसांची सरमिसळ होताना दिसते.

७. हैदराबादच्या सैन्याची शरणागती १८ सप्टेंबरची असताना मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबरला का?

भारतीय सैन्याची कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली. १७ सप्टेंबरला सायंकाळी निजामाने युद्ध थांबवल्याचे जाहीर केले, आणि त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यासमोर औपचारिक शरणागती पत्करली ती १८ तारखेला. लोकांच्या दृष्टीने निजामी सत्ता आणि रझाकारांची दहशत संपली ती १७ तारखेच्या घोषणेने, म्हणून मराठवाड्याने तो दिवस आपला मानला. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. स्मृतिदिन १७ चाच पाळावा आणि लष्करी घटनाक्रम लिहिताना १८ ची नोंद वगळू नये. ढाक्याच्या बाबतीत सहीची तारीख निवडली गेली आणि येथे घोषणेची, हा फरक ध्यानात ठेवला की ‘खरी तारीख कोणती’ हा वाद उरत नाही.

८. लढाई रात्री सुरू होऊन पहाटे संपली तर तारीख कोणती लिहावी?

लष्करी नोंदींत अशा वेळी ‘४/५ डिसेंबरची रात्र’ असे दोन्ही दिवस लिहितात, आणि शक्य तेथे तीच पद्धत वापरावी. राजस्थानातील लोंगेवालाची लढाई याच रात्रीची. शिवकाळातील पावनखिंडीच्या प्रसंगालाही हे लागू पडते: पन्हाळ्यावरून महाराज निसटले ती १२ जुलै १६६० ची रात्र, तर बाजीप्रभूंनी खिंड लढवली तो १३ जुलैचा दिवस. फारसी साधनांत आणखी एक अडचण असते. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे रात्रीच्या घटनेची हिजरी तारीख इंग्रजी तारखेत आणताना एका दिवसाचा फरक सहज पडतो.

९. वर्षगाठ कितवी हे कसे मोजायचे? एकाच वर्षी दोन वेगळे आकडे दिसतात.

दिसतात, कारण मोजण्याच्या पद्धती दोन आहेत. ‘किती वर्षे पूर्ण झाली’ हे हवे असेल तर चालू वर्षातून घटनेचे वर्ष वजा करावे. ‘हा दिवस कितव्यांदा आला’ हे हवे असेल तर त्यात एक मिळवावा. २०२४ चा हवाई दल दिन ९२वा होता, म्हणजे १९३२ पासूनची पूर्ण झालेली वर्षे मोजली होती. २०२५ चा लष्कर दिन मात्र ७७वा होता, म्हणजे १५ जानेवारी १९४९ हाच पहिला धरला होता. दोन्ही आकडे अधिकृत आहेत, त्यामुळे एका दलाचे सूत्र दुसऱ्याला लावून ‘चूक’ दुरुस्त करू नये. सुवर्ण किंवा रौप्य महोत्सवाच्या बाबतीत पूर्ण झालेली वर्षेच मोजतात. १९७१ च्या विजयाची ५० वर्षे १६ डिसेंबर २०२१ रोजी पूर्ण झाली, आणि सुवर्णमहोत्सवी वर्ष त्याआधीच्या १६ डिसेंबरपासून सुरू झाले होते.

१०. शिवकाळातील लढायांचे दिवस तिथीने पाळावेत की तारखेने? आणि पुस्तकांत दोन तारखा का आढळतात?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ मराठी साधनांत तिथी, महिना आणि शक असतो, इंग्रजी तारीख नसते. सिंहगड घेतला तो दिवस म्हणजे शके १५९१ ची माघ वद्य नवमी. तिचे इंग्रजी रूपांतर करताना अभ्यासकांनी त्या काळी इंग्रज वापरत असलेले ज्युलियन कॅलेंडर धरले, कारण सुरत आणि राजापूरच्या वखारींतील पत्रव्यवहार त्याच कॅलेंडरप्रमाणे आहे आणि दोन्ही साधने शेजारी ठेवून पाहणे त्यामुळे सोपे जाते. त्यानुसार तारीख येते ४ फेब्रुवारी १६७०. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर सतराव्या शतकात त्याच्यापुढे १० दिवस होते, म्हणून तोच दिवस ग्रेगोरियन पद्धतीने १४ फेब्रुवारी १६७० ठरतो. एखाद्या पुस्तकात दहा दिवसांचा फरक दिसला तर बहुधा कारण हेच असते.

पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या अखेरीसच ग्रेगोरियन पद्धतीकडे वळले होते, आणि इंग्रज सप्टेंबर १७५२ मध्ये वळले. अठराव्या शतकात दोहोंतील अंतर ११ दिवसांचे झाले होते. साहजिकच मे १७३९ मधील वसईच्या विजयासारख्या घटनेची पोर्तुगीज कागदांतील तारीख आणि इंग्रजांच्या कागदांतील तारीख जुळत नाही. कोणाचीही चूक नसते. कॅलेंडर वेगळे असते. १७५२ नंतरच्या घटनांना, उदाहरणार्थ पानिपतला, हा प्रश्न लागू होत नाही.

आता पाळायचे काय? तिथीने पाळणाऱ्यांना परंपरेचा आधार आहे. मात्र चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने त्यांचा दिवस इंग्रजी कॅलेंडरवर दरवर्षी सरकतो, आणि अधिक मास आला तर सामान्यतः निज महिन्यातील तिथी घेतात. तारखेने पाळणाऱ्यांना ठरलेला दिवस मिळतो. मराठा लाइट इन्फंट्री सिंहगडाच्या विजयाच्या स्मरणार्थ ४ फेब्रुवारीला ‘मराठा दिन’ साजरा करते. माझे मत असे की रूढ झालेली ज्युलियन तारीख बदलून नवी लादू नये, कारण त्या काळच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहाराशी तीच जुळते. मात्र लेखात किंवा कोनशिलेवर तिथी आणि शक सोबत अवश्य कोरावा. तिथी हीच मूळ नोंद आहे.

११. शकाचे इसवी सनात रूपांतर करताना ७८ मिळवायचे की ७९?

गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या घटनेसाठी ७८, आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या घटनेसाठी ७९. वर पाहिलेला शके १५९१ चा माघ महिना १६७० मध्ये येतो, १६६९ मध्ये नव्हे. पौष, माघ आणि फाल्गुन या महिन्यांतील लढायांच्या बाबतीत एका वर्षाची चूक होते ती येथेच. मराठी दप्तरातील सुहूर सन या वेगळ्या कालगणनेचे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस बदलते. त्याला पाडव्याचा हिशेब लावू नये.

१२. पानिपतची लढाई मकर संक्रांतीच्या दिवशी झाली, हे खरे का?

लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, बुधवारी झाली. त्या दिवशी शके १६८२ ची पौष शुद्ध अष्टमी होती. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते म्हणून हा समज पसरला. परंतु संक्रांत सूर्याच्या नक्षत्रसापेक्ष स्थितीवर ठरते आणि आपल्या कॅलेंडरच्या तुलनेत ती शतकानुशतके पुढे सरकत आली आहे. १७६१ मध्ये ती चार-पाच दिवस आधीच होऊन गेली होती. मराठ्यांवर ‘संक्रांत कोसळली’ हा भाषेतील अलंकार म्हणून योग्यच आहे. दिनविशेषात मात्र दोन्हींची सांगड घालू नये.

१३. पराभवाचे दिवस पाळावेत का?

अवश्य पाळावेत. पानिपतावर सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव यांच्यासह जी पिढी कापली गेली, तिची आठवण केवळ निकाल विरुद्ध गेला म्हणून पुसायची नसते. लढाईचा निकाल आणि लढणाऱ्यांचे शौर्य या दोन वेगळ्या नोंदी आहेत. १९६२ च्या युद्धातील १८ नोव्हेंबर हा दिवस याचे सर्वांत लख्ख उदाहरण आहे. त्या दिवशी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखालील १३ कुमाऊंची एक कंपनी जवळजवळ संपूर्ण कामी आली. सुमारे १२० जणांपैकी ११४ जण धारातीर्थी पडले. हिवाळा सरत आल्यावर शोधपथक तेथे पोहोचले तेव्हा अनेक जवान आपापल्या खंदकात, हातात शस्त्र धरलेल्या स्थितीत गोठलेले आढळले. अशा दिवशी ‘साजरा’ करण्याची भाषा टाळावी. मानवंदना, पुष्पचक्र आणि नावांचे वाचन पुरेसे असते.

१४. १ जानेवारीला कोरेगाव भीमा येथे नेमके कशाचे स्मरण केले जाते?

१ जानेवारी १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी कॅप्टन स्टाँटन यांच्या हाताखालील कंपनी सरकारच्या लहान तुकडीने दिवसभर झुंज दिली. त्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते, आणि तेथील स्तंभावर पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभाला भेट दिली, आणि तेव्हापासून हा दिवस अस्पृश्यतेविरुद्धच्या स्वाभिमानाचा दिवस म्हणून लाखो लोकांच्या मनात रुजला. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या मानचिन्हातही हा स्तंभ होता. हा स्मृतिदिन केवळ ‘कोण जिंकले’ या प्रश्नाने समजत नाही. लष्करी घटना १८१८ ची आहे, स्मरणाचा अर्थ १९२७ पासून घडत गेला आहे, आणि लिहिताना दोन्ही सांगायला हवेत.

१५. एकाच युद्धाचे स्मृतिदिन दोन देशांत वेगळ्या तारखांना का असतात?

कधी कारण घड्याळाचे असते. १९४५ मध्ये जर्मनीची शरणागती बर्लिनमध्ये ८ मेच्या रात्री उशिरा झाली, तेव्हा मॉस्कोत ९ मे उजाडली होती. म्हणून पश्चिम युरोप ८ मे पाळतो आणि रशिया ९ मे. कधी कारण दृष्टीचे असते. १९६५ च्या युद्धासंबंधी पाकिस्तान ६ सप्टेंबर पाळतो, कारण त्या दिवशी भारतीय फौजांनी लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. भारतीय मांडणी मात्र ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये झालेल्या घुसखोरीपासून सुरू होते. तारीख निवडणे म्हणजे कथेची सुरुवात निवडणे, हे युद्धाच्या इतिहासात फार प्रकर्षाने जाणवते.

१६. या दिवशी सुट्टी असते का? आणि सामान्य नागरिकाने काय करावे?

प्रश्न १ मधील दिवसांना सार्वजनिक सुट्टी नसते. ध्वज दिनाला, म्हणजे ७ डिसेंबरला, लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचे छोटे ध्वज देऊन निधी जमवला जातो. तो युद्धात पडलेल्यांचे कुटुंबीय, जखमी जवान आणि माजी सैनिक यांच्या कल्याणासाठी असतो. हा दिवस १९४९ पासून पाळला जातो. देणगी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येते आणि पावती अवश्य घ्यावी. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता दोन मिनिटे मौन पाळले जाते, पण तो स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्म्यांचा दिवस आहे; त्याची गणना लष्करी दिनांत करू नये.

१७. आमच्या गावातील हुतात्मा जवानाचा स्मृतिदिन कोणत्या तारखेला धरावा? घरी एक तारीख सांगतात आणि कागदावर दुसरी आहे.

कोनशिलेसाठी लष्करी अभिलेखातील मृत्यूची तारीख घ्यावी. ती संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडून कुटुंबाला मिळू शकते आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यासाठी अर्ज करायला मदत करते. घरची तारीख बहुतेक वेळा तार पोहोचल्याची किंवा पार्थिव गावी आल्याची असते. युद्धाची अधिकृत तारीखही येथे चालत नाही: कारगिलमध्ये जूनमध्ये पडलेल्या जवानाचा स्मृतिदिन २६ जुलै होत नाही. मृतदेह पुष्कळ उशिरा सापडला तरी लढाईचा दिवस निश्चित असेल तर तोच धरतात. रेझांग लाच्या जवानांबाबत तसेच झाले आहे. कुटुंबीय घरी ज्या दिवशी स्मरण करतात तो दिवस त्यांचा आहे आणि गावाने त्यात बदल सुचवू नये. कोनशिलेवर नावासोबत सेवा क्रमांक, हुद्दा, पलटण आणि लढाईचे ठिकाण असावे, आणि दगडावर अक्षरे कोरण्याआधी तो मजकूर एकदा कुटुंबाला वाचून दाखवावा.